आर-इन, एस-इन, एस-आउट: घुमणाऱ्या फोनचा माग

फोनची तक्रार घेऊन येणारा माणूस 'आवाज घुमतोय' एवढंच सांगतो. घुमतोय कुणाला, कोणत्या लाइनवर, बोलायला लागल्या लागल्या की मध्येच, यातलं काही तो सांगत नाही, आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. बेळगावात नेटवर्कची कामं करताना मला अशा तक्रारी नेहमी येतात. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसातली तक्रार मात्र नुसतं केबल बदलून आणि बॉक्स रीस्टार्ट करून मिटली नाही. तिथे मला गेटवेच्या पोटात शिरून आवाज बाहेर काढावा लागला. तो कसा काढला आणि त्यात काय दिसलं, ते लिहितो.

ऑफिसची मांडणी साधी. टेबलांवर आयपी फोन, ते सगळे ऑफिसच्या नेटवर्कवर. बाहेरच्या जगाशी बोलायला टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेल्या चार तांब्याच्या लाइन्स. या दोन्हींच्या मधे व्हॉइस गेटवे. लाइन त्याच्या एफएक्सओ पोर्टात, म्हणजे टेलिफोनची लाइन जोडायच्या खाचेत, घुसते आणि दुसऱ्या बाजूने आवाज पॅकेट होऊन बाहेर पडतो. रिसेप्शनवरच्या अक्का दिवसभर कन्नड, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत फोन घेतात. त्यांनीच नेमकं सांगितलं: "अण्णा, मी बोललेलं मलाच परत ऐकू यायलंय बघा. गिऱ्हाइकाला काय बी त्रास नाही, त्याला चांगलं जायलंय."

या एका वाक्याने अर्धं काम झालं. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, दोष बहुधा त्याच्या फोनच्या बाजूला नसतो, आवाज जिकडे जातो त्या बाजूला असतो. अक्कांना स्वतःचा आवाज परत येतोय, म्हणजे तो फोनमधून निघून, गेटवे ओलांडून तांब्याच्या लाइनपर्यंत जातोय आणि तिथून उलटतोय. उलटण्याची हक्काची जागा म्हणजे हायब्रिड. तांब्याच्या लाइनला तारा दोनच असतात, जाणारा आणि येणारा आवाज एकाच जोडीवरून चालतो. गेटवेच्या आत मात्र दोन्ही वाटा वेगळ्या. दोन तारांचे चार तारांत रूपांतर करणारा भाग हायब्रिड. लाइनचा इम्पिडन्स (विजेच्या लहरीला होणारा विरोध) आणि पोर्टाचा इम्पिडन्स जुळला नाही, की जाणाऱ्या आवाजातला काही भाग येणाऱ्या वाटेवर सांडतो.

हे साध्या घरगुती फोनवरही होतं, पण तिथे परत येणारा आवाज इतक्या लगेच येतो की कानाला तो आपलाच वाटतो. आयपी फोनात पॅकेट भरायला वेळ लागतो, मागेपुढे येणारी पॅकेट सारखी करणाऱ्या जिटर बफरमध्ये वेळ जातो, आणि तोच सांडलेला आवाज उशिरा कानात येतो. तेव्हा तो खटकतो. म्हणून गेटवेत इको कॅन्सलर, म्हणजे प्रतिध्वनी पुसणारा भाग, बसवलेला असतो. त्याने कसं काम करावं याचं मानक आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेचं जी.१६८. कॅन्सलर आहे, चालू आहे, तरी घुमतंय. मग?

मी आधी सगळे करतात तेच केलं. स्विचवर पोर्ट मिररिंग लावून, म्हणजे एका पोर्टावरच्या पॅकेटची नक्कल दुसऱ्यावर घेऊन, वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये ते पकडले. टेलिफोनी मेन्यूत जाऊन आरटीपी स्ट्रीम, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांची धार, उघडली. पॅकेट लॉस शून्य, जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार) किरकोळ, दर वीस मिलिसेकंदाला एक पॅकेट आणि प्रत्येकात जी.७११ या नेहमीच्या पद्धतीने आकड्यांत बदललेल्या आवाजाचे १६० बाइट. नेटवर्क म्हणून बघितलं तर दृष्ट लागावी असं. स्ट्रीम वाजवून ऐकली तर गेटवेकडून फोनकडे येणाऱ्या दिशेत अक्कांचा आवाज बारीक पण स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजे प्रतिध्वनी गेटवेतूनच बाहेर पडतोय हे ठरलं.

पुढे ही वाट बंद होते. वायरशार्कला दिसतं ते बॉक्समधून बाहेर पडलेलं. आत काय झालं ते नाही. लाइनवरूनच एवढा मोठा प्रतिध्वनी आला की कॅन्सलरला तो पेलवला नाही, की आलेला ठीक होता आणि कॅन्सलरच झोपला होता, हे पॅकेट बघून कळत नाही. उपाय दोन्हींचे वेगळे. पुष्कळ जण इथे अंदाजाने सेटिंग फिरवायला लागतात आणि एखादं लागू पडलं की निघून जातात. मला ते पटत नाही, कारण पावसाळा आला की तीच तक्रार परत दारात.

आतला आवाज बाहेर काढायची सोय बऱ्याच गेटवेंत असते. तिला पीसीएम कॅप्चर म्हणतात. आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या डीएसपी चिपच्या आत ठरलेल्या जागी नळ सोडल्यासारखं करून तिथून जाणारा आवाज जसाच्या तसा फाइलीत घ्यायचा. जागा तीन. आर-इन म्हणजे नेटवर्ककडून येऊन लाइनकडे निघालेला आवाज. एस-इन म्हणजे लाइनवरून आलेला, कॅन्सलरने अजून हात न लावलेला. एस-आउट म्हणजे कॅन्सलरमधून साफ होऊन नेटवर्ककडे निघालेला. नावं डोक्यात बसायला थोडा वेळ लागतो, पण एकदा बसली की सगळा खेळ या तिघांच्या तुलनेत आहे. आर-इनमधलं बोलणं एस-इनमध्ये दिसलं तर तो प्रतिध्वनी. तेच एस-आउटमध्येही उरलं तर कॅन्सलर हरला.

तयारी किचकट नाही, पण घाई केली तर फुकट जाते. आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांनी घेतला जातो. प्रत्येक नमुना १६ बिटांचा धरला तर एका जागेचे सेकंदाला १६००० बाइट होतात. तीन जागांचे मिळून मिनिटाला जवळजवळ २.९ एमबी. गेटवेची स्वतःची साठवण तेवढी नसते, म्हणून लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर चालवून फाइल थेट तिकडे पाठवायची. दुसरं, डीएसपीवर याचा भार पडतो. मी कामाच्या भर वेळेत कॅप्चर लावत नाही, आणि एका वेळी एकाच कॉलचं लावतो. काही गेटवेत बोलता बोलता फोनवर ठरलेली बटणं दाबली की कॅप्चर सुरू होतं आणि दुसरी दाबली की थांबतं. तक्रार कधी येईल याचा नेम नसेल तेव्हा ही सोय सोन्यासारखी. तिसरी गोष्ट परवानगीची. हे कुणाच्या तरी खऱ्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आहे. फाउंड्रीत दर, ऑर्डरी, उधारी असलं बोलणं चालतं. मालकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पार्टीचं बोलणं नको घेऊस, तुमचं तुमचं काय ते बोला की." रास्त होतं. चाचणीचे कॉल आम्हीच करायचं ठरवलं.

चाचणीला लँडलाइन असलेला माणूस पाहिजे होता, आणि आजकाल तोच मिळत नाही. निपाणीत माझ्या मामेभावाच्या तंबाखूच्या वखारीत अजून एक लाल डबडं टिकून आहे, ते कामाला आलं. ०८३३८ लावून त्याला गाठला.

काय बोलायचं हेही ठरवावं लागतं. नुसतं 'हॅलो हॅलो' करून रेकॉर्डिंग घेतलं तर नंतर कोणता 'हॅलो' कुणाचा हे ओळखता येत नाही. आवाज टेलिफोनच्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातून गाळलेला, वर प्रतिध्वनी बारीक. म्हणून मी इकडून मराठीत आकडे मोजायचे आणि मामेभावाने तिकडून कन्नडात, असं ठरवलं. मी 'एक, दोन, तीन' म्हणून थांबायचो, तो 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणायचा. शेवटी दोघांनी एकदमच मोजायचं. एस-इनमध्ये फक्त कन्नड यायला पाहिजे. मराठी ऐकू आलं की पकडला चोर. ही युक्ती कुठल्या मॅन्युअलात नाही, पण आमच्या भागात ती कुणालाही जमते.

फाइल ऑडॅसिटीत (आवाज बघायच्या-कापायच्या प्रोग्राममध्ये) उघडायची तर 'इम्पोर्ट रॉ डेटा'मधून. सामान्य वेव्ह फाइलीत असते तशी माहिती या फाइलीच्या डोक्यावर लिहिलेली नसते. १६ बिट, ८००० हर्ट्झ, एक चॅनेल हे आपण सांगायचं. बाइटचा क्रम उलटा सांगितला तर धबधब्यासारखा खळखळाट ऐकू येतो. गेटवे खराब झाला असं समजू नये, क्रम बदलून पुन्हा उघडावी. पॅकेटमधून काढलेला जी.७११ आवाज असेल तर ए-लॉ की म्यू-लॉ, या जी.७११ च्या दोन प्रकारांतला कोणता, हेही बघावं. आपल्याकडे ए-लॉ, अमेरिका-जपानमध्ये म्यू-लॉ. आरटीपीत पेलोड टाइप ८ दिसला तर ए-लॉ, ० दिसला तर म्यू-लॉ. चुकीचा निवडला तर शब्द कळतात, पण आवाज कर्कश, फाटका येतो. असल्या फाटक्या आवाजावर आधारलेले निष्कर्ष मी लोकांना रिपोर्टात लिहिताना पाहिलेत.

तिन्ही ट्रॅक एकाखाली एक लावले आणि लगेच दिसलं. आर-इनमध्ये माझं 'एक, दोन, तीन'. एस-इनमध्ये त्याच जागी, अगदी किंचित उजवीकडे सरकून, तेच आकार, आणि चांगले जाडजूड. झूम करून अंतर मोजलं तर चाळीसेक नमुने, म्हणजे ५ मिलिसेकंद. (८००० हर्ट्झला आठ नमुने म्हणजे एक मिलिसेकंद, हा हिशेब तोंडपाठ पाहिजे.) इतक्या लवकर परतणारा आवाज जवळच्याच हायब्रिडचा. निपाणीचा यात काही संबंध नव्हता. आणि एस-आउटमध्ये तो थोडा बारीक झाला होता, पण गेला नव्हता.

आता आकडा पाहिजे होता. ऑडॅसिटीत 'कॉन्ट्रास्ट' नावाचं एक साधन आहे, ते दोन तुकड्यांची सरासरी पातळी काढून फरक डेसिबलमध्ये सांगतं. आर-इनमधला माझा 'दोन' आणि एस-इनमधला परतलेला 'दोन' यांत फरक निघाला जेमतेम ३ डेसिबल. या फरकाला इको रिटर्न लॉस म्हणतात, इआरएल. प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा निदान ६ डेसिबल खाली असेल असं पुष्कळ कॅन्सलर गृहीतच धरतात. त्यापेक्षा मोठं काही लाइनवरून आलं तर त्यांना वाटतं समोरचा माणूस बोलतोय. समोरचा बोलत असताना शिकणं थांबवायचं, नाहीतर त्याचंच बोलणं कापलं जाईल, असं त्यांना बांधून दिलेलं आहे. थोडक्यात कॅन्सलर झोपला नव्हता. माझा परतलेला आवाज तो मामेभावाचा समजून सभ्यपणे बाजूला उभा होता.

लाइनवर आवाज इतका का सांडत होता, त्याचं उत्तर पोर्टाच्या सेटिंगमध्ये सापडलं. चारही पोर्टांचा इनपुट गेन, म्हणजे लाइनवरून येणारा आवाज किती वाढवायचा ते, बराच वर चढवलेला. आधीच्या कुणी काम केलेल्या माणसाने, 'समोरच्याचा आवाज बारीक येतोय' या तक्रारीवर हा उपाय केला होता. इनपुट गेन वाढवला की समोरच्याचा आवाज मोठा होतो खरा, पण त्याच वाटेने येणारा प्रतिध्वनीही तेवढाच मोठा होतो. हायब्रिडने १२ डेसिबल दाबलेलं असेल आणि गेनने ९ वर उचललं, तर हातात उरतात तीन. वजाबाकी पहिलीतली आहे. तिन्ही ट्रॅक समोर असल्याशिवाय कुणी ती करत नाही, एवढंच.

गेन शून्यावर आणला, लाइनकडे जाणाऱ्या आवाजाला थोडं अटेन्युएशन दिलं, म्हणजे तो जरा दाबला, पुन्हा कॉल, पुन्हा मोजणी. इआरएल पंधराच्या आसपास. एस-आउटमधून मराठी पहिल्या क्षणभरानंतर गायब. तो पहिला क्षण सुटत नाही, कॅन्सलरला लाइन ओळखायला तेवढा वेळ लागतोच. मग इम्पिडन्सचे पर्याय एकेक करून लावून बघितले, प्रत्येक वेळी एस-इनची पातळी मोजत. साध्या ६०० ओहमपेक्षा एका कॉम्प्लेक्स सेटिंगवर अजून थोडा फरक पडला, ते ठेवलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कानाने होत नाही. दोन वेगळ्या कॉलांतला दोन-तीन डेसिबलचा फरक कानाने नेमका सांगता येत नाही, ट्रॅकमध्ये कळतो.

पण मग जुनी तक्रार डोकं वर काढणारच होती, समोरच्याचा आवाज बारीक. म्हणून चारही लाइन्सवरून तोच कॉल करून मामेभावाच्या 'ओंदु, एरडु'ची पातळी एस-इनमध्ये मोजली. (त्याने तोवर मला दोनदा विचारलं होतं, "तुला पगार मिळतोय की याचा?") तीन लाइन्स सारख्या निघाल्या. चौथी एकटीच बरीच खाली. म्हणजे मुळात एकच लाइन आजारी होती आणि औषध चौघींना पाजलं होतं. चौथ्या लाइनची तार कंपाउंडच्या भिंतीवरच्या डब्यात जोडलेली होती. डब्याचं झाकण कधीचं गेलेलं, आत जोड हिरवट पडलेला. बेळगावचा पाऊस कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. लाइनमनने जोड कापून नव्याने बांधला आणि पातळी बाकी तिघींच्या जवळ आली.

त्याच लाइनवर एस-इनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजात कोणते हर्ट्झ आहेत त्याचं चित्र, लावल्यावर. तळाशी समांतर आडव्या रेघा, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. भट्टीकडे जाणाऱ्या पॉवर केबलला खेटून टेलिफोनची तार नेली होती. ती हलवायला सांगितली. हलवली की नाही ठाऊक नाही.

एवढ्यानंतर अक्का खूश होत्या, पण एका गिऱ्हाइकाचा फोन आला की अजून घुमतंय म्हणाल्या. कोल्हापूरचा पार्टी, मोबाइलवरून बोलतो. मालकांनी त्यालाच विचारून एक छोटा कॉल रेकॉर्ड करायला दिला. एस-इनमध्ये हायब्रिडचा प्रतिध्वनी आता नगण्य, पण अक्कांचं 'नमस्कार साहेब' पाव सेकंदानंतर पुन्हा आलेलं, मऊ, गाडीच्या आतल्या घुमारासकट. हा हायब्रिडचा नव्हे. तो माणूस गाडीत स्पीकरवर बोलतो, अक्कांचा आवाज त्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्याच माइकमध्ये जातो आणि मोबाइल नेटवर्कचा सगळा प्रवास करून परत येतो. आमच्या कॅन्सलरची पोच जास्तीत जास्त १२८ मिलिसेकंदांपर्यंत. पाव सेकंदाने येणारं त्याच्या आवाक्याबाहेरचं. इथे गेटवेवर करण्यासारखं काही नाही, आणि हे कागदावर लिहून देता येणं हाही कॅप्चरचा मोठा फायदा. मालक म्हणाले, "त्याला सांगू की, स्पीकर बंद कर म्हणून." अक्का म्हणाल्या, "तुम्हीच सांगा."

हीच पद्धत पुढे चिकोडीकडच्या एका कारखान्यात वेगळ्याच दुखण्याला लागू पडली. तिथे तांब्याच्या सुट्या लाइन्स नव्हत्या, पीआरआय होती, म्हणजे एकाच जोडणीवरून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन. एका ई-वन जोडणीवर ३२ खाचा, त्यांतल्या ३० आवाजाच्या, एक सिंक्रोनायझेशनची आणि एक सिग्नलिंगची. बोलणं चांगलं चालायचं. फॅक्स मात्र अर्ध्या पानावर तुटायचा. 'बोलणं चांगलं म्हणजे लाइन चांगली' असं सगळे ठासून सांगत होते.

मी बोललोच नाही. दुसऱ्या टोकाकडून एक सलग सूर लावून घेतला, हजारेक हर्ट्झचा, आणि एस-इन पकडलं. ऐकताना सूर अखंड. पण लहर मोठी करून बघत गेलं की मध्येच एका जागी ती तुटून पुढे सरकलेली दिसायची, एक नमुना गायब. बोलण्यात एक नमुना गेला तर कानाला पत्ता लागत नाही, फॅक्सच्या मोडेमला लागतो. महत्त्वाचं हे की दोन तुटींमधलं अंतर दर वेळी सारखं. वायरिंगचा दोष असा घड्याळ लावून येत नाही. घड्याळाचाच दोष असा येतो.

गेटवे स्वतःच्या क्लॉकवर चालत होता आणि एक्स्चेंज त्याच्या. दोन्हींत दहा लाखांत दहाचा फरक असला तरी दर साडेबारा सेकंदाला १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम घसरते, आणि एक फ्रेम म्हणजे प्रत्येक खाचेचा एक नमुना. गेटवेला लाइनवरून क्लॉक घ्यायला लावलं. पुन्हा तोच सूर, पुन्हा कॅप्चर, लहर सरळ. फॅक्सची पानं पुरी निघाली.

दोन्ही ठिकाणी निघताना कॅप्चरची सगळी सेटिंग काढून टाकली, ट्रिगरची बटणंसुद्धा. नाहीतर कुणीतरी बँकेच्या मेन्यूत आकडे दाबताना नकळत रेकॉर्डिंग चालू करतो. आणि आकड्यांच्या सुरांसकट ते फाइलीत बसलं, तर त्या सुरांवरून पिन परत काढता येतो. लॅपटॉपवरच्या फाइली मालकांसमोर पुसल्या. मराठी-कन्नड आकड्यांची एक ठेवली, नवीन पोराला ट्रॅक वाचायला शिकवायला.